प्रतिक्रियेला उत्तर: ‘राह’ म्हणजे संध्याकाळीच जायचं का?

‘भाषाप्रेमी’ साहेब,

‘राह’ या अरबी क्रियापदाचा अर्थ कुठल्याही वेळी ‘जाणे’ असा होतो, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘अरबीत राह म्हणजे संध्याकाळी जाणे, बाकी सगळा बोलींतला अपभ्रंश. लेखकाने आधी कोश उघडावा.’ मतभेदाला माझी ना नाही, पण ते शेवटचं वाक्य कशाला? मुद्दा मांडायचा होता की कान उपटायचे होते?

एक मान्य. ‘राह’मधला ‘ह’ आपल्या ‘हात’मधला नव्हे, घशातून काढायचा असतो. लेखात तशी टीप टाकतो.

आता कोश. उघडलाय हो! कुराणाच्या सबा सूरेतली (अध्यायातली), सुलेमानाच्या ताब्यातल्या वाऱ्याची आयत तुम्ही दिलीत: सकाळची चाल महिनाभराची, संध्याकाळची महिनाभराची. बरोबर आहे. तिथे ‘ग़ुदुव’ (सकाळचं जाणं) आणि ‘रवाह’ (‘राह’चंच नाम, संध्याकाळचं जाणं) जोडीने आलेत, म्हणून वेळा वाटून घेतल्यात. एकटा ‘राह’ अरब कुठल्याही वेळच्या जाण्याला वापरतात, हे दहाव्या शतकातला कोशकार अल-अझहरी सांगून गेलाय. तो कर्माती या बंडखोर पंथाच्या कैदेत पडला आणि बदूंमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांमध्ये राहून त्यांची भाषा ऐकत होता. घरबसल्या शेरे मारत नव्हता.

मीही उमेदीची वर्षं शारजात, एका गोदामात हिशेब लिहीत काढलीत. आमचा इजिप्तचा स्टोअरकीपर म्हणायचा ‘हरूह बुक्रा’, सीरियाचा ड्रायव्हर ‘राह रूह बुक्रा’. दोन्हींचा अर्थ ‘उद्या जाईन’. ड्रायव्हरच्या तोंडी एकच क्रियापद दोनदा येतं: पहिलं झिजून भविष्यकाळाची खूण झालंय, दुसरं खरंखुरं जाणं. इजिप्तमध्ये ते आणखी झिजलं, नुसता ‘ह’ उरला. आणि ‘बुक्रा’ मुळात सकाळची वेळ. म्हणजे तुमच्या हिशेबाने हे दोघे भल्या सकाळी संध्याकाळचे जाणार होते! इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर जेवलो, त्यांच्या बोलण्याला कुणी ‘अपभ्रंश’ म्हटलं की मला राग येतो. येणारच.

मोरोक्कोत भविष्यकाळाला ‘ग़ादी’ लावतात, म्हणालात. लावतात. तो ‘ग़दा’तला, म्हणजे सकाळी जाण्यातला. तरी तिथला माणूस रात्रीसुद्धा ‘ग़ादी नम्शी’ (‘मी जाईन’) म्हणतोच. हे तर माझंच म्हणणं झालं, आभार.

शीर्षक भडक, लेख पसरट वगैरेंवर वेळ घालवत नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, म्हणजे कोण कोश उघडायला सांगतंय तेही कळेल.