बेत बाजारात ठरतो
महिन्याचा बेत आधीच ठरवून ठेवावा, हा खासगी स्वयंपाक्यांना एका लेखात दिलेला सल्ला ताज्या, स्थानिक भाज्यांच्या बाबतीत मला पटत नाही. ठाण्यात घरोघरी स्वयंपाक करताना माझा बेत सकाळी बाजारातच ठरतो. पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका शेवळे या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडे ही आंबट फळे मिळाली नाहीत तर मी शेवळे घेत नाही, कारण शेवळांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे घशाला सुटणारी खाज काकडांच्या रसाने आटोक्यात राहते. आतला पिवळा भाग काढून, बारीक चिरून, तेलावर खमंग परतेपर्यंत सहज तास जातो. निवडण्याचा हा वेळ कामात धरला जात नाही, याचे मात्र फार वाईट वाटते.