९१७/३० नं कॅन-ऍम मारली? जरा थांबा

जुन्या रेसिंग गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाच्या फोनवर हे कधी ना कधी आलेलं असतंच. सुनोको या पेट्रोल कंपनीच्या निळ्या-पिवळ्या रंगातली पोर्शे ९१७/३०, मागे ढणढण म्युझिक, आणि वर मजकूर असा की १५०० हॉर्सपॉवरची ही राक्षसी गाडी १९७३ ला उतरली, टर्बोच्या जोरावर प्रत्येक रेस जिंकली, ड्रायव्हरला फक्त पाय दाबून धरायचं काम होतं, शेवटी घाबरून तिच्यावर बंदी घातली आणि तिच्यामुळेच कॅन-ऍम ही अमेरिका-कॅनडातली रेसिंग मालिका कायमची बुडाली. आणि शेपटाला हे की टर्बोच्या रेसिंग गाड्या म्हणजे नुसतं पेट्रोल ढोसणारं खूळ होतं, आलं आणि गेलं.

मला ही गाडी मनापासून आवडते आणि म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चूक आहे नाहीतर अर्धवट, आणि ज्या माणसांनी ती गाडी घडवली त्यांची मेहनत यात पुसली जाते.

आधी ते १५०० बघू. आकडा खोटा नाही, पण तो रेसचा नाही. इंजिन ५.४ लिटरचं, आडव्या बारा सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, दोन टर्बो लावलेलं. रेसमध्ये ते साधारण ११०० हॉर्सपॉवरवर चालवायचे. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, पार वर नेला की टेस्ट बेंचवर १५०० च्या पुढे जायचं हे खरं, पण तेवढ्या बूस्टवर तीनेकशे किलोमीटरची रेस काढायची तर इंजिनही टिकायला पाहिजे आणि पेट्रोलही पुरायला पाहिजे. म्हणून तर कॉकपिटमध्ये बूस्ट कमी-जास्त करायचा नॉब होता, सुरुवातीला वाढवून पुढे निघायचं, अंतर पडलं की कमी करायचा आणि गाडी सांभाळत शेवटपर्यंत न्यायची. आणि ११०० काय कमी आहेत का? गाडीचं वजन साडेआठशे किलोच्या आसपास, आणि आदल्या वर्षीच्या मॅकलारेनमध्ये आठ लिटरचा शेव्हरोले व्ही-८ असूनही ताकद साडेसातशेच्या घरात. खरा आकडाच एवढा जबरदस्त आहे, तो फुगवायची गरज काय?

'प्रत्येक रेस जिंकली' हे तर सरळसरळ चूक. १९७३ च्या सीझनमध्ये आठ रेस झाल्या. मोस्पोर्टची पहिली चार्ली केम्पनं जिंकली, रोड अटलांटाची दुसरी जॉर्ज फॉलमरनं, आणि दोघंही आधीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे ९१७/१० मध्ये होते. पुढच्या सहाच्या सहा मार्क डोनोह्यूनं ९१७/३० मधून मारल्या, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण टर्बो आला आणि लगेच सगळे आडवे झाले असंही नाही, १९७२ ला रॉजर पेन्स्कीची टीम, म्हणजे डोनोह्यूची टीम, ९१७/१० घेऊन आली तेव्हा पहिलीच रेस मॅकलारेनच्या डेनी हल्मनं नेली, वॅटकिन्स ग्लेनला तर पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर मॅकलारेनचे. नऊपैकी सहा पोर्शेच्या, तीन मॅकलारेनच्या, असा तो सीझन होता.

आता ते 'पाय दाबून धरायचं काम', ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं.

टर्बो चालतो एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर. वळणाला पाय काढला की एक्झॉस्ट कमी होतो, टर्बाइन मंदावतं, बूस्ट जातो. परत पाय दिला तर आधी काहीच होत नाही, आणि मग जे होतं ते एकदम होतं. म्हणजे गाडी अजून वळणात असतानाच पाय द्यायचा, ताकद येईल त्या क्षणी स्टीअरिंग सरळ झालेलं असेल या हिशोबानं. हिशोब थोडा पुढे-मागे झाला तर वळणाच्या मध्येच सगळा लोंढा मागच्या टायरवर येणार आणि गाडी फिरणार. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही, गिअर चारच, आणि ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे, म्हणजे समोरून काही झालं तर सगळ्यात आधी पाय. अशा गाडीला नुसतं दामटवून कुणी सहा रेस ओळीनं जिंकत नाही हो.

आणि हे झालं तयार गाडीचं. सुरुवातीला डोनोह्यू जर्मनीत वाइसाखला पोर्शेच्या ट्रॅकवर टेस्टिंगला गेला तेव्हा इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, उत्तम चालायचं पण ट्रॅकवर त्या इंजिनानं गाडी चालवणंच कठीण, खालच्या आरपीएमला धड चालेना, वर गेलं की एकदम उसळी, दिव्याच्या बटणासारखं, एक तर बंद नाहीतर पूर्ण चालू, मधलं काही नाहीच. डोनोह्यू ब्राउन युनिव्हर्सिटीतून इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. त्याच्या लक्षात आलं की डायनोवर मोजमाप होतंय ते वरच्या आरपीएमचं, आणि ड्रायव्हरला वळणातून बाहेर पडताना जे लागतं ते खालचं, ते कुणी बघतच नाहीये. त्यानं हट्ट धरून तिथलं मोजमाप करायला लावलं आणि त्याप्रमाणे इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाचं सेटिंग बदलून घेतलं. हेल्मुट फ्लेगल, व्हॅलेंटिन शेफर, इंजिनाचा मूळ कर्ता हान्स मेत्सगर, ही सगळी माणसं त्या कामात होती. जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारा वेस्टगेट आज बहुतेक टर्बो-पेट्रोल गाड्यांमध्ये असतो, चाकणला बनणाऱ्या एक लिटरच्या टर्बो-पेट्रोलमध्ये सुद्धा, पण तेव्हा तो रेसिंग गाडीत नीट बसवून ड्रायव्हरला भरवसा वाटेल असा चालवणं हेच मोठं काम होतं. ९१७/३० साठी तर एक टेस्ट चॅसी अशी बनवली की तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बदलता यायचा. वेगवेगळ्या लांबीवर पळवून बघितली आणि शेवटी अडीच मीटर ठरला, ९१७/१० पेक्षा अठरा सेंटिमीटर जास्त, कारण एवढी ताकद आखूड गाडीत आवरत नव्हती.

या कामाची किंमतही डोनोह्यूनं मोजली. जुलै १९७२ मध्ये रोड अटलांटाला टेस्टिंग करताना मागचं बॉडीवर्क निघालं, गाडीचा चुराडा, गुडघ्याला जबर दुखापत. आयत्या वेळी फॉलमरला बसवलं आणि त्यानं तिथली रेस जिंकली, वर सीझनचा चॅम्पियनही झाला. यावर कुणी म्हणेल की बघा, कोणीही बसला तरी जिंकला. तर फॉलमर 'कोणीही' नव्हता, त्याच वर्षी ट्रान्स-ऍम या दुसऱ्या अमेरिकन मालिकेचाही चॅम्पियन तोच. आणि ९ ऑगस्ट १९७५ ला टॅलाडेगाच्या ओव्हलवर ९१७/३० घेऊन डोनोह्यूनं ताशी ३५५ किलोमीटरच्या वर सरासरीची लॅप मारली, बंद ट्रॅकवरचा तेव्हाचा जागतिक विक्रम. दहाच दिवसांनी तो गेला, ऑस्ट्रियात फॉर्म्युला वनच्या सरावात झालेल्या अपघातानंतर. ३८ वर्षांचा होता. त्याच्याबद्दल 'पाय दाबून बसला' असं लिहिताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

बंदीचा मुद्दा एका रेसमध्ये निकालात निघतो. १९७४ च्या ऑगस्टमध्ये मिड-ओहायोला पेन्स्कीनं हीच गाडी परत आणली, ब्रायन रेडमननं चालवली आणि दुसरा आला. बंदी असलेली गाडी स्टार्टिंग ग्रिडवर उभी राहते का? युरोपात इंटरसेरी या कॅन-ऍमसारख्याच मालिकेतही टर्बोवाल्या ९१७ पळतच होत्या, १९७४ ला हर्बर्ट म्युलर त्यातूनच चॅम्पियन झाला. झालं होतं ते एवढंच की कॅन-ऍम चालवणाऱ्या एससीसीएनं १९७४ साठी पेट्रोलचा नियम आणला, गॅलनला किमान तीन मैल, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला सव्वा किलोमीटर. तो ९१७/३० ला महागात पडणारा होता हे मान्यच, चारशे लिटरची टाकी घेऊन फिरणारी गाडी ती. पेन्स्की आणि पोर्शेनं पूर्ण सीझनला यायचं नाही असं ठरवलं. पण याला बंदी म्हणत नाहीत. कॅन-ऍममधली खरी बंदी बघायची तर १९७० ची चॅपरल २जे बघा, दोन पंखे लावून गाडीखालची हवा ओढणारी. तिनं एकही रेस जिंकली नव्हती तरी पुढच्या वर्षी तिला दार बंद.

मग मालिका कशानं गेली? एकाच टीमनं जिंकत राहिल्यानं मालिका मरत असती तर कॅन-ऍम पोर्शेच्या आधीच मेली असती. १९६७ ते १९७१ सलग पाच चॅम्पियनशिप मॅकलारेनच्या, १९६९ ला तर अकरापैकी अकरा रेस त्यांच्या. तो काळ लोक आजही सुवर्णकाळ म्हणून आठवतात आणि पोर्शेच्या दोन वर्षांना मात्र खुनी ठरवतात, हे मला कधीच पटलेलं नाही. १९७२ संपताना मॅकलारेननं कॅन-ऍम सोडली, फॉर्म्युला वन आणि अमेरिकेतल्या इंडी रेसिंगवर लक्ष द्यायला. टर्बोच्या मागे लागायला पैसा फार लागत होता हे त्यामागचं एक कारण, यात वादच नाही, आणि तेवढा दोष पोर्शेच्या पदरात पडतो. पण मग ऑक्टोबर १९७३ ला अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं, पंपावर रांगा लागल्या, आणि अशा वेळी मोठाल्या इंजिनांच्या गाड्या गोल गोल पळवायला स्पॉन्सर कोण मिळणार? १९७४ ची डेटोना २४ तास आणि सेब्रिंग १२ तास, या दोन्ही रेस रद्द झाल्या. डेटोना ५०० दहा टक्क्यांनी कमी केली. तिथे काय ९१७/३० होती? १९७४ ची कॅन-ऍम पाचच रेसमध्ये आटोपली, शॅडो टीमचा जॅकी ऑलिव्हर चॅम्पियन झाला, आणि त्या पाचपैकी चार रेसमध्ये ९१७/३० ट्रॅकवर नव्हतीच.

राहिलं ते 'पेट्रोल ढोसणारं खूळ'. १९७६ ला ल माँची चोवीस तासांची रेस पहिल्यांदा टर्बो गाडीनं जिंकली, पोर्शे ९३६. १९७८ ला रेनो अल्पीन, ती पण टर्बो. १९८२ ला ग्रुप सी हा रेसिंग गाड्यांचा नवा वर्ग आला तो तर पेट्रोलच्या मर्यादेवरच बांधलेला, टाकी १०० लिटरची आणि १००० किलोमीटरला एकूण ६०० लिटर, संपलं तर गाडी तिथेच उभी. अशा नियमात पोर्शे ९५६ नं दोन टर्बोच्या २.६५ लिटर इंजिनावर पहिल्याच वर्षी ल माँला पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही नंबर घेतले. म्हणजे ज्या टर्बोला अधाशी म्हणतायत तोच टर्बो मोजून मिळालेल्या पेट्रोलवर चोवीस तास सगळ्यांच्या पुढे होता.

आणि मॅकलारेन, ज्यांना १९७२ ला टर्बोनं कॅन-ऍममध्ये मागे टाकलं, त्यांनीच दहा-अकरा वर्षांनी फॉर्म्युला वनसाठी टर्बो इंजिन बनवून घेतलं ते पोर्शेकडून, टॅग या कंपनीच्या पैशावर, दीड लिटरचं व्ही-६. डिझाइन त्याच हान्स मेत्सगरचं. १९८४ ला निकी लाउडा, १९८५ आणि १९८६ ला ऍलन प्रॉस्ट, तीन वर्षं ओळीनं वर्ल्ड चॅम्पियन, आणि तेही अशा काळात जेव्हा पूर्ण रेसला आधी २२० आणि मग १९५ लिटरच पेट्रोल मिळायचं.