हेडर उडवला म्हणून कोड आपला होत नाही

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुपवर प्रोजेक्ट सबमिशनच्या तोंडावर एक मेसेज हमखास फिरतो. 'गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) पब्लिक आहे म्हणजे सगळ्यांचं आहे. ओपन सोर्स फुकट असतं, फुकटच्या मालाला नाव कसलं द्यायचं? दोन-चार व्हेरिएबलची (कोडमधल्या किमतींची) नावं बदला, झाला तुमचा. आणि एवढ्यासाठी कोर्टात कोण जातंय?'

शेवटचं आधी घेतो. लोक कोर्टात गेलेत, तेही हौशी मॉडेल रेल्वेच्या कोडसाठी! अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी छोट्या आगगाड्या चालवायचं सॉफ्टवेअर आर्टिस्टिक लायसन्स नावाच्या परवान्याखाली, म्हणजे काही अटींवर, खुलं केलं होतं. त्यातल्या डिकोडरच्या (इंजिनाला हुकूम समजावणाऱ्या चिपच्या) फाइली मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या. लेखकांची नावं, कॉपीराइटची ओळ, मूळ फाइलीत काय बदललं याची नोंद, सगळं गाळून. खालच्या कोर्टाला यात फार तर करारभंग दिसला. २००८ साली अपील कोर्टाने ते फिरवलं. नाव ठेवणं ही परवानगीची अटच आहे, ती मोडली तर कॉपीराइटभंगाचा दावा लागू शकतो, असं म्हटलं. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचं काही जात नाही, हेही कोर्टाने मानलं नाही. लौकिक मिळतो, चार लोक कोड सुधारून देतात, यालाही किंमत आहे. २०१० मध्ये तडजोड झाली आणि जेकबसनना १ लाख डॉलर मिळाले.

आता 'फुकट'. एमआयटी हे सगळ्यात सैल लायसन्सपैकी एक. विका, बदला, काहीही करा. मागणी एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहू द्या. तेवढंही जड होतं का? आणि रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या फोल्डरात) लायसन्सची फाइलच नसेल तर मोकळं रान मिळालं असं पोरांना वाटतं. खरं उलट आहे. परवानगी दिलीच नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. आपल्याकडेही १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो.

व्हेरिएबल बदलणं म्हणजे दुसऱ्याच्या कवितेत 'चंद्र' खोडून 'शशी' लिहिणं. हां, कल्पनेवर कुणाची मालकी नाही. बबल सॉर्ट (आकडे क्रमाने लावायची एक रीत) समजून घेऊन स्वतः लिहिलात तर कुणाचं नाव टाकायची गरज नाही. पण स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून जसंच्या तसं उचललंत, तर तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली असतो आणि श्रेय देणं ही त्यातली अट आहे. कोडमधल्या कमेंटमध्ये उत्तराची लिंक आणि लिहिणाऱ्याचं नाव टाकायला अर्धा मिनिट लागतं.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तारखांचं एक फंक्शन कुठल्यातरी रेपोतून उचललं आणि वरचा हेडर, म्हणजे लेखकाचं नाव आणि लायसन्स सांगणाऱ्या ओळी, उडवला, फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून. पुढे २९ फेब्रुवारीला आमची बिलं चुकली. मूळ लेखकाने ही चूक केव्हाच दुरुस्त केली होती, हे फार नंतर कळलं. त्या रात्री मात्र मूळ कोड कुणाचा, कुठून आणला, काही आठवेना. शेवटी मॅनेजरने माझ्याच खुर्चीमागे उभं राहून गिट ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कुणी टाकली ते दाखवणारी कमांड, चालवायला लावलं. चाळीसच्या चाळीस ओळींपुढे नाव माझं.