ड्रोन मुंबईहून येईपर्यंत धुकं परत उतरलेलं असतं

दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्या चॅनेलवर ड्रोनची दृश्यं सुरू. लाल मातीचा पट्टा, कडेला वाकलेले पत्रे, मधे पिवळ्या रेनकोटातली माणसं. आपण हळहळतो आणि चॅनेल बदलतो. खाली चिखल उपसणाऱ्या जवानाला त्या शॉटचा काडीचा उपयोग नसतो. त्याला बघायचा असतो वरचा भाग, दरड सुटली तो माथा. तिथे नवी भेग पडलीय का, अर्धवट सुटलेला कातळ अडकून बसलाय का, पाणी कुठून पाझरतंय? कारण एकीपाठोपाठ दुसरी दरड येऊ शकते, आणि तेव्हा ढिगाऱ्यावर शेकडो माणसं खाली मान घालून काम करत असतात.

मी मोजणीच्या कामासाठी ड्रोन उडवतो, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय.

रायगडमधली दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र. वर जायला गाडीरस्ता नाही, त्यामुळे जेसीबी नाही. सगळं कुदळ-फावड्याने. हेलिकॉप्टर तयार होती, पण हवामानामुळे उडाली नाहीत. चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवला. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं.

आता कुणी म्हणेल, हेलिकॉप्टर उडालं नाही तिथे ड्रोन काय उडणार? बरोबर आहे. जुलैतला सह्याद्री म्हणजे भिजलेली लेन्स, कड्यावरून उलटा येणारा वारा आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी बॅटरी. पण त्याच पावसात मधेच एक उघडीप मिळते. धुकं वर सरकतं, समोरचा कडा दिसतो, पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा सगळं पांढरं. तेवढ्यात एक फेरी होते. फक्त ड्रोन आणि उडवणारा पायथ्याशी हवा. पुण्या-मुंबईहून निघालेली टीम घाटातल्या ट्रॅफिकमध्ये असते, किंवा २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेवर दरड पडली तेव्हासारखं महाडलाच पूर आलेला असतो आणि रस्ताच बंद.

बरं, उडवायचा म्हणजे नुसतं बटण दाबायचं नाही. ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला तिथून. पायथ्याशी शंभर मीटर लावले आणि डोंगराकडे सोडला, तर तो सरळ डोंगरात घुसतो. उताराबरोबर उंची वाढवत न्यावी लागते, आणि त्यासाठी उताराचा नकाशा आधीच हाताशी लागतो.

खरी गोम इथेच आहे. दरडीनंतर एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घेतले की त्यातून जमिनीचं त्रिमितीय मॉडेल बनतं. त्यातून आधीचं मॉडेल वजा केलं की कुठे किती माती साचली ते कळतं. घरं मातीबरोबर खाली सरकलेली असतात, म्हणून ‘इथे अमक्याचं घर होतं’ म्हणून खणलं तर कधीकधी नुसती माती उपसली जाते. पण वजा करायला आधीचं काही हवं ना! ते एप्रिल-मेमध्येच मिळतं, गवत वाळलेलं आणि पानं झडलेली असताना. पावसाळ्यात कॅमेऱ्याला झाडांचे शेंडेच दिसतात. लेझरचा लायडार पानांच्या फटींतून जमीन गाठतो, पण तो महाग.

आणि हो, थर्मल कॅमेरा गाडलेली माणसं शोधतो हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान आवरा. कित्येक फूट ओल्या मातीखालची शरीराची ऊब वर येत नाही.

गंमत म्हणजे हे सरकारला नवीन नाही. पुरंदरच्या सोनोरीपासून सुरू झालेली गावठाण मोजणी आठवते? घरांभोवती चुन्याच्या रेषा मारायच्या, वरून ड्रोन फिरवायचा, मालमत्ता पत्रक तयार. घराची हद्द मोजली, घरावरचा डोंगर नाही मोजला. डोंगरातल्या कित्येक वाड्या-पाडे तर गावठाणातच धरलेले नाहीत, म्हणजे त्यांच्यावरून ड्रोन गेलाच नाही.

उपग्रह आहेत की, असंही ऐकू येतं. आहेतच. २०२४ मध्ये वायनाडची दरड नेमकी कुठून सुटली ते इस्रोच्या रडारने ढगांतून दाखवलं. पण उपग्रह त्याच्या वेळेला येतो, आणि हातभर रुंदीची भेग त्याला दिसेलच असं नाही. ती गुराख्याला दिसते. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली नाहीसं झाल्याचं जगाला कळलं तेही एसटीच्या ड्रायव्हरमुळे.

म्हणून रायगड, रत्नागिरी, सातारा, पुण्यातल्या डोंगरी तालुक्यांत तहसीलला एक साधा ड्रोन द्या आणि तिथलीच दोन पोरं शिकवून ठेवा. ट्रेकिंगच्या ग्रुपमधली पोरं चालतील, त्यांना वाटा तरी माहीत असतात. यादीत नाव असो-नसो, डोंगराखालच्या प्रत्येक वाडीवर मे महिन्यात एक फेरी मारायची आणि तो डेटा तालुक्याच्याच कपाटात ठेवायचा, मंत्रालयातल्या नाही. दरड पडली तर पहिली फेरी माथ्यावर, आणि तो भाग बघून होईपर्यंत खाली खणणाऱ्यांना थोडं बाजूला थांबवायचं. तेवढा वेळ चॅनेलवाल्यांचे आणि रील्सवाल्यांचे ड्रोन पोलिसांनी खाली उतरवून घ्यावेत.