तीन लिटर की सहा?

बहिणीकडे सत्यनारायण होता. मसालेभातावर मठ्ठा अंमळ जास्तच झाला आणि पुढचं सगळं ओघानं आलं. संडासाच्या दारापाशी पहिलीतली भाची स्टूल टाकून बसली होती. मांडीवर चौरेघी वही आणि छातीवर पुठ्ठ्याचा निळा थेंब. थेंबावर 'जलरक्षक'.

"मामा, एक की दोन?"

पंगत अजून उठायची होती. जिलबीकडे निघालेले हात थांबले.

"हळू बोल गं."

"बाई म्हणाल्यात, मोठ्यांना विचारायला घाबरायचं नाही."

"एक," मी पुटपुटलो.

"मोठ्याने!"

आता हे घरातच मिटलं असतं. पण तिचे आजोबा, म्हणजे बहिणीचे सासरे, तिथेच वेताच्या खुर्चीत होते. अण्णांची हयात धरणांच्या कामावर गेली. निवृत्त झाले तरी विसर्ग मोजायची खोड गेलेली नाही. "अहो मामा," ते भरल्या पंगतीत म्हणाले, "एक असेल तर फ्लशचं लहान बटण. तीन लिटर. मोठं सहाचं. जुन्या टाक्या दहा-बारा लिटर खेचायच्या, आठवतंय ना?"

मला त्या घडीला काहीही आठवत नव्हतं.

त्या घरातलं लहान बटण एकटं दबतच नाही. मोठ्या भावंडाला हाताला धरूनच खाली जातं. बाहेर आलो तर अण्णा कान टवकारून बसलेले.

"हा आवाज सहाचा होता."

"बटण अडकतंय, अण्णा."

"एक सांगितलंत आणि सहा सोडलेत? लिही गं, मामा, एक, सहा लिटर." मग पंगतीकडे वळून, "खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पुण्याची ही चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. आता यातून मामांचे जादा तीन वजा करा!"

लोक हसले. भटजीसुद्धा हसले, आणि त्यांना तर मी नुकतीच बऱ्यापैकी दक्षिणा ठेवली होती. भाची मात्र हसली नाही. जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून तिनं 'सहा'ची शेपटी वहीच्या पुढच्या पानापर्यंत उमटवली.

हे चाललं असताना स्वयंपाकघरात आरओच्या नळीतून पाण्याची धार सिंकमध्ये पडत होती. ते यंत्र एक लिटर पिण्याजोगं देताना बहुधा त्याहून जास्त गटारात घालवतं. मी ते दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "ती टेक्नॉलॉजी आहे." खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी पाइपानं अंघोळ करत होती आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. टाकी वाहतेय हे मालकाला सांगायचं, मालक वॉचमनला, वॉचमन टँकरवाल्याला. त्यांच्या दारात स्टूल टाकून कुणी बसत नाही. जबाबदारीचे धडे सहा वर्षांच्या पोरांना, कारण ती उलट उत्तर देत नाहीत.

बहीण ताटं उचलताना सहज म्हणाली, "हिची पाण्याची बाटली मात्र शाळेतून रोज भरलेलीच परत येते."

"का गं?" मी विचारलं.

"पाणी प्यायलं की शू लागते."

"मग जायचं की."

"तिथे कडी नाही. मैत्रिणीनं दार धरावं लागतं. आणि पाणीच नसतं, घाण असते." हे तिनं वहीतून मान वर न काढता सांगितलं, पावसामुळे मधली सुट्टी वर्गातच झाली असं सांगावं तसं. सकाळी सातपासून दुपारपर्यंत पोर दाबून बसते. शिक्षणहक्क कायदा 2009 सालचा. त्यात मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह हवं असं लिहिलेलं आहे. इथे आहेही स्वतंत्र. दारावर मुलीचं चित्रसुद्धा आहे, दोन वेण्यांचं. पाणी वाचवा म्हणून थेंब कापून देणाऱ्या शाळेच्या नळाला थेंब नाही, आणि मला मात्र भरल्या घरात एक की दोन!

मी हे जरा चढ्या आवाजात बोललो असेन. पंगत गप्प झाली. अण्णा मात्र बोटांवर काही मोजत होते.

"शाळेत जातच नाही म्हणतेस? म्हणजे रोजचे निदान तीन लिटर वाचले की! लिही, लिही, तेही लिही."