एक्केचाळीस, शेहेचाळीस पैसे

काल सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात शेडच्या तापमानाची फाइल उघडायला गेलो आणि लूमवरच्या जॉबरमामांपुढे (जॉबर म्हणजे मागावरचा मुकादम) नापास होऊन आलो.

फाइल ४००० बाइटची. दर आकड्याला ४ बाइट, म्हणजे १००० नोंदी. हे माहीत असूनही हात सवयीने मजकुराची फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ या कमांडवर गेला. कॅट बाइट जसेच्या तसे पडद्यावर ओततं. ७ नंबरचा बाइट आला की टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कोकलतं, १४ नंबरचा आला की अक्षरांऐवजी चौकटीच्या रेघा काढतं. दोन्ही झालं.

मामा वाकले. “सायेब, ह्याला ऊन लागलंय. कांदा फोडून हुंगवा.”

रेघांच्या त्या जंजाळात चाचपडत ‘रीसेट’ टाइप केलं, एंटर मारलं. मग फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणारी ‘ओडी’ ही कमांड नुसती चालवली. पहिले दोन आकडे आले: ०००००० ०४१०४६.

“एक्केचाळीस! भाईरबी तेवढंच हाय.”

“मामा, ते एक्केचाळीस नाही. ओडी दोन-दोन बाइट जोडून आठाच्या पायावर दाखवतं.”

“मग हाय किती?”

‘-टी एफ४’, म्हणजे चार-चार बाइटचा एक दशांश आकडा वाच, असं जोडून पुन्हा चालवलं. ४१.५.

“म्हणजे एक्केचाळीसच की!”

“हो, पण तो योगायोग! बाइट आहेत ००, ००, २६, ४२, सोळाच्या पायावर. उलटे जोडले की…”

“आन् म्होरचं शेहेचाळीस?”

“त्याला अर्थ नाही.”

“पैसे असतील.”

ओडी १९७१ सालच्या पहिल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून आहे आणि आजही न सांगता आठाच्याच पायावर बोलतं. पन्नास वर्षांत कुणाला लाज वाटली नाही! त्यात सारख्या ओळी सलग आल्या की ते त्या गिळून एक चांदणी ठेवतं. सगळ्या हव्या तर ‘-व्ही’ द्यायचं. फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं हेडर (फाइलचीच माहिती) असेल तर ते वगळायला ‘-जे १६’. आणि चुकून ‘--एंडियन=बिग’, म्हणजे बाइट न उलटता जोड, असं दिलंत तर ४१.५ चे १.३७२४ई-४१ (१.३७२४ गुणिले दहाचा उणे एक्केचाळिसावा घात) होतात, म्हणजे मे महिन्यातल्या सोलापुरात जवळजवळ शून्य अंश. (तिथेही शेवटी ४१ आहे. मामांना दाखवलं नाही.)

तेवढ्यात मालक आले. “झालं का?”

“कवाच,” मामा म्हणाले. “एक्केचाळीस.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. “मग तुम्ही पाऊण तास काय करत होता?”

मामांसाठी चहा आला. मला विचारलंही नाही.