सॅकला लटकवलेला डीजे

पावसाळ्यात सह्याद्रीत दोन आवाज हमखास कानी पडतात. एक बेडकांचा, दुसरा कुणाच्या तरी सॅकला लटकणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरचा.

परवा भीमाशंकरला गणेश घाटाने चढत होतो. भल्या पहाटे निघालो ते केवळ शीळकरी कस्तुरासाठी. एखादं पोरगं स्वतःच्याच नादात शीळ घालत चाललंय असं वाटावं, असा गातो हा पक्षी! ओढ्याकाठी त्याने सूर लावला, मी श्वास रोखून उभा, आणि मागून धाडधाड धाडधाड. कस्तुर गप्प. वर झाडावरचं शेकरूही पसार. ज्याच्यासाठी १९८५ साली हे अभयारण्य झालं, तोच प्राणी स्वतःच्या घरातून हाकलला जातोय, आणि यांना पत्ताच नाही.

बरं, बेडूक काही हौस म्हणून ओरडत नाहीत हो. नर मादीला साद घालतो, आणि बऱ्याच जातींना त्यासाठी पावसाचे हेच मोजके महिने मिळतात. त्यात तुमचं रिमिक्स कशाला? गाणीच ऐकायची तर घरी सोफा काय वाईट होता? इयरफोनचा शोधही लागलाय म्हणे.

शेवटी न राहवून म्हटलं, "दादा, आवाज जरा कमी करता का?"

"काका, जंगलात कुणाला त्रास होतोय? एन्जॉय करा ना!"

काका! तेही सहन केलं. तासाभराने स्पीकरची बॅटरी संपली. मी मनातल्या मनात भीमाशंकराला हात जोडले.

पठ्ठ्याने पॉवर बँक काढली.